जुनी डिझेल गाडी विकताय? आधी धूर बघा, मग कागद

गेल्या महिन्यात घरची डिझेल गाडी विकली. २०११ चं मॉडेल, एमएच १३, एकच मालक, मीटरवर एक लाख ऐंशी हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते वय झालेल्या बहुतेक डिझेल गाड्यांना लागू पडतं. बार्शीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं की "कितीला गेली?" पंचावन्न हजारांना. एजंट म्हणत होता पंच्याहत्तर येतील. मधल्या वीस हजारांची गोष्ट सांगतो.

एजंटचा सल्ला साधा होता. "साहेब, गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास गाडी चालू ठेवा. आणि ऑइल जरा जाड टाकून घ्या." यातलं इंगित ज्याला डिझेल इंजिन कळतं त्यालाच कळेल.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते, डिझेलमध्ये ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा जोरात दाबली जाते, दाबल्यामुळे तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की पेट घेतं. म्हणजे सगळा खेळ दाबाचा. रिंगा घासल्या, सिलिंडर झिजला की दाब कमी होतो. थंड इंजिन मग सकाळी लवकर पेट घेत नाही. गरम इंजिन मात्र निमूट चालू होतं. म्हणून गिऱ्हाइकाला गाडी नेहमी गरम दाखवतात!

आमच्या गाडीचं डिसेंबरातलं वागणं घरात सगळ्यांना पाठ होतं. किल्ली फिरवायची, डॅशबोर्डवरचा हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मगच सेल मारायचा. तरी पहिला मिनिटभर गाडी थरथरायची, मागून पांढरा धूर, मग शांत. मिस्त्रीने तपासून सांगितलं, चारातला एक हीटर प्लग गेलाय. तीन सिलिंडर लगेच पेटतात, चौथा गरम होईपर्यंत कच्चं डिझेल धुरातून बाहेर टाकतो. हा खर्च किरकोळ आहे.

दुसरं दुखणं किरकोळ नव्हतं. मिस्त्रीने इंजिन गरम असताना, चालू ठेवून, ऑइल टाकायचं झाकण काढलं आणि उलटं करून त्याच भोकावर नुसतं ठेवलं. झाकण थडथड उडायला लागलं. याला आपल्याकडे 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. पेटलेला वायू रिंगांमधून खाली ऑइलच्या बाजूला उतरतो आणि तिथून वर फेकला जातो. जाड ऑइल टाकलं की काही दिवस हे झाकलं जातं. घेणारा घरी पोचतो, दोन-तीन महिने जातात, मग इंजिन खोलायची वेळ येते.

घेणाऱ्यांसाठी धुराची भाषा थोडक्यात. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर सकाळी मिनिटभर येऊन थांबला तर बहुधा हीटर प्लग. पण इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या. आणि गाडी बघायला जाताना न कळवता, सकाळी जा. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर सरळ म्हणा, उद्या येतो.

गाडी घेतली वैरागकडच्या एका पोराने. रोपवाटिका आहे, रोपांचे ट्रे पोचवायला गाडी हवी होती. त्याला सकाळी सातला बोलावलं, थंड इंजिन दाखवलं, झाकणाचा प्रयोगही दाखवला. तो म्हणाला, "काका, असं कोण दाखवतं का?" मग त्याने इंजिनकामाचा अंदाज काढून भाव पाडला, आणि तो रास्त होता. बँकेत खातं असलेल्या माणसाला वीस हजार म्हणजे एक आकडा. उधारीवर बियाणं आणणाऱ्या पोराची गाडी ऐन हंगामात रस्त्यात उभी राहिली तर त्याचा अख्खा महिना जातो.

तसाही जुन्या डिझेलला आता भाव नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि पेट्रोल-डिझेलमधलं अंतर घटत गेलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हा कित्येक छोट्या गाड्यांची डिझेल इंजिनं बंदच झाली. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं. खासगी कारसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं. शिवाय फिटनेस आणि पर्यावरण कर. हेही त्याला आधीच सांगितलं.

आता कागद, आणि हे जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे पैसे घेतले, किल्ली दिली, कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या की व्यवहार संपला असं मानतात. कायदा तसं मानत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे गाडी राज्यातच राहणार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच आहेत.

नाही कळवलं तर काय होतं? सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल बघा. गाडी २००७ मध्ये विकली गेली, मग हातोहात फिरत गेली, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. २००९ मध्ये अपघात झाला, एकाचा जीव गेला. न्यायालयाने सांगितलं, नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच. दोन वर्षांपूर्वी विकलेली गाडी, आणि बोजा त्याच्यावर! यात मेलेल्याच्या घरच्यांचाही विचार आहे. गाडी कुणी कुणाला विकली याचा माग काढत त्यांनी दारोदार का फिरावं?

एजंटकडे गाडी सोडणार असाल तर तो आरटीओकडे अधिकृत नोंदलेला आहे का ते विचारा. एप्रिल २०२३ पासून अशा विक्रेत्यांसाठी वेगळे नियम लागू आहेत. गाडी ताब्यात दिल्याची रीतसर नोंद झाली की जबाबदारी त्याच्याकडे जाते. नोंदच नसेल तर ती तुमच्याचकडे.

मी व्यवहार असा केला: आधी दोघांच्या सह्यांचे पूर्ण भरलेले फॉर्म, तारीख आणि वेळ लिहिलेली ताबापावती, विम्याच्या बदलाचा अर्ज, आणि थोडी रक्कम मागे ठेवली, नाव बदलल्यावर द्यायची. पोराला वाटलं काका फार कटकटे आहेत. पण पंधरा-वीस दिवसांत आरसी त्याच्या नावावर झाली.

आज एवढंच करा. एम-परिवाहन अॅपवर तुम्ही, वडिलांनी किंवा भावाने पूर्वी विकलेल्या गाडीचा नंबर टाका. अजून तुमच्याच घरचं नाव दिसत असेल तर घेणाऱ्याला आजच फोन लावा. आणि सध्या गाडी विकायला काढली असेल, तर गिऱ्हाइकाला सकाळी सातला बोलवा.