चौकोनी दिरहम

चवली आठवणाऱ्या वाचकांना चौकोनी नाण्याचं नवल वाटणार नाही. पण बाराव्या शतकातल्या मोरोक्कोत ते मोठं धाडस होतं. दिनार आणि दिरहम गोल असायचे, हे लोकांनी पिढ्यानपिढ्या गृहीत धरलेलं. अ‍ॅटलास पर्वतातून उतरलेल्या मुवह्हिद घराण्याने चांदीचा दिरहम चौकोनी पाडला. बाजू जेमतेम दीड सेंटिमीटर, वजन सुमारे दीड ग्रॅम. बहुतेक नाण्यांवर ना राजाचं नाव, ना वर्ष. एका बाजूला तीन ओळी : अल्लाह आमचा प्रभू, मुहम्मद आमचे प्रेषित, महदी आमचा इमाम. जुनी नाणी वाचण्यात माझं आयुष्य गेलं, पण इतक्या ठामपणे बोलणारी नाणी मी फार थोडी पाहिली.

हा महदी म्हणजे इब्न तूमर्त, मस्मूदा या बर्बर जमातीतला. पूर्वेकडे शिकून तो परतला तो सुधारणेचा ध्यास घेऊनच. ईश्वराचं निखळ एकत्व, तौहीद, हा त्याचा आग्रह. त्यावरूनच अनुयायांना मुवह्हिद हे नाव पडलं. 1121 मध्ये त्याने स्वतःला महदी, म्हणजे ईश्वराने वाट दाखवलेला उद्धारक, घोषित केलं आणि पुढे डोंगरातल्या तिनमेल गावी ठाण मांडलं. 1130 मध्ये मराकेशच्या वेशीपाशी त्याच्या सैन्याचा दारुण पराभव झाला आणि थोड्याच दिवसांत तो वारला. ती बातमी अनुयायांनी सुमारे तीन वर्षं दडवून ठेवली.

मग सूत्रं आली अब्द अल्-मुमिनकडे. तो मस्मूदा नव्हता, पूर्वेकडच्या कूमिया जमातीचा होता. म्हणजे त्या डोंगरात उपराच. सतरा वर्षं लढून 1147 मध्ये त्याने तोवर मोरोक्कोवर राज्य करणाऱ्या मुराबितांकडून मराकेश घेतलं, तर 1160 मध्ये आजच्या ट्युनिशियातलं महदिया बंदर सिसिलीच्या नॉर्मनांकडून सोडवलं. अटलांटिकपासून लिबियापर्यंतचा मगरिब, म्हणजे उत्तर आफ्रिकेचा पश्चिम भाग, प्रथमच एका बर्बर सत्तेखाली आला, वर दक्षिण स्पेन होताच. मात्र या माणसाने खिलाफत आपल्याच मुलांच्या हाती राहील अशी तजवीज केली. महदीच्या जुन्या साथीदारांचे वंशज, म्हणजे शेख, आणि खलिफाचे वंशज यांच्यातली तेढ तेव्हापासूनची.

या घराण्याचं वैभव डोळ्यांत भरणारं आहे. मराकेशची कुतुबिया मशीद आणि सेव्हिलचा, आज हिराल्दा म्हणून ओळखला जाणारा मनोरा या दोन्ही त्यांच्याच वास्तू. तत्त्वज्ञ इब्न तुफैल हा खलिफा यूसुफचा वैद्य. त्यानेच इब्न रुश्दला दरबारात आणलं आणि त्याच्या अरिस्टॉटलवरच्या भाष्यांना राजाश्रय मिळाला.

पण त्याच सत्तेने ज्यू आणि ख्रिस्ती प्रजेपुढे धर्मांतर किंवा देशत्याग असे पर्याय ठेवले. कोर्दोबातल्या मायमोनिदिसचं कुटुंब वणवण करत फेजला आणि तिथून पूर्वेकडे गेलं. तो थोर वैद्य आणि विचारवंत अखेर इजिप्तमध्ये स्थिरावला. 1195 मध्ये खुद्द इब्न रुश्दलाही हद्दपार केलं गेलं, त्याचे ग्रंथ जाळले गेले. नंतर त्याला परत बोलावलं आणि 1198 मध्ये मराकेशला त्याचा अंत झाला. कुतुबियाची प्रमाणबद्धता सांगताना ही होळी वगळणं मला जमत नाही.

1212 मध्ये लास नावास दे तोलोसाच्या लढाईत स्पेनमधल्या ख्रिस्ती राजांनी खलिफा अन्-नासिरला धूळ चारली. सत्ता ढासळण्याचं कारण म्हणून ही लढाई नेहमी सांगितली जाते. मला घाव त्याहून खोल दिसतो. तो सतरा वर्षांनी, घरातूनच बसला. कास्तिलच्या राजाने दिलेलं ख्रिस्ती घोडदळ घेऊन मराकेशला आलेल्या खलिफा अल्-मामूनने भर मशिदीत इब्न तूमर्तचं महदीपण नाकारलं, खुतब्यातून, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनातून, आणि नाण्यांवरून त्याचं नाव काढायला लावलं, विरोध करणाऱ्या शेखांची कत्तल केली. ज्या नावाच्या बळावर राज्य उभं राहिलं तेच पुसल्यावर आज्ञा पाळायची ती कशासाठी? ट्युनिसच्या हफ्सी सुभेदाराने हेच निमित्त करून वेगळी चूल मांडली. अल्-मामूनच्या मुलाला, रशीदला, शेखांची मनधरणी करण्यासाठी महदीचं नाव परत आणावं लागलं. पण तोवर फार उशीर झाला होता.

दिरहमाला मात्र या भांडणाचं काही सोयरसुतक नव्हतं. पश्चिम भूमध्य समुद्राच्या व्यापारात या चांदीला इतकी मागणी होती की ख्रिस्ती टांकसाळीही तिच्या नकला पाडू लागल्या. या नकलांना युरोपात मिलारेस म्हणत. दक्षिण फ्रान्समधल्या मागलोनच्या बिशपनेही त्या पाडल्या. 1266 मध्ये पोप क्लेमेंट चौथा याने त्याला पत्र लिहून खडसावलं, की मुहम्मदाच्या नावाचं नाणं कोणता ख्रिस्ती पाडतो?

तीन वर्षांनी, 1269 मध्ये, मरीनी घराण्याने मराकेश जिंकलं आणि मुवह्हिदांची सत्ता संपली. पण खलिफा जे पुसायला निघाला होता ते महदीचं नाव असं बिशपच्या टांकसाळीतूनही बाजारात फिरलं. वर्ष आणि राजा नसलेला असा दिरहम हाती आला की अजूनही भिंग लावून अक्षरं तपासावी लागतात. रेघ जिथे अडखळते, अक्षराचं वळण चुकतं, तिथे छाप कोरणाऱ्याला अरबी येत नव्हती असा संशय बळावतो.