एक दाबलं की एक

"एक गाणं झालं की थांबायला पाहिजे."

पप्पांनी माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी बोटांवर मोजण्याएवढ्या आहेत. त्यातली ही एक. मागच्या दिवाळीत मी त्यांना पिंपरी कॅम्पातून एक छोटा प्लेअर आणून दिला होता. हातात मावणारा, मेमरी कार्डावर चालणारा, स्पीकर आतच. कार्डात मी साडेचारशे गाणी भरली. अभंग, नाट्यगीतं, जुनी हिंदी. पप्पांनी आठवडाभर वापरून बघितला आणि एका रात्री जेवताना ही मागणी केली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. म्हटलं, दहा मिनिटांचं काम.

त्या दहा मिनिटांना चार महिने लागले.

*

आधी हे सांगतो, की पप्पांना एकच गाणं का हवं होतं. निदान तेव्हा मला जे कारण वाटत होतं ते.

आमच्याकडे पूर्वी टेपरेकॉर्डर होता. पप्पा १९९६ साली बार्शीकडून भोसरीला आले, त्यानंतर दोन-तीन वर्षांत घेतलेला. एका कॅसेटच्या 'ए' बाजूला शेवटचा होता भीमसेन जोशींचा एक अभंग. शिफ्टवरून आल्यावर, अंघोळ आणि जेवण झालं की पप्पा टेप अंदाजाने पुढे न्यायचे आणि तेवढा अभंग लावायचे. तो संपला की थोडी खरखर, आणि मग प्लेचं बटण खट् करून आपोआप वर यायचं. टेप संपून ताणली गेली की आतला खटका सुटतो, एवढीच ती यंत्रणा. त्या 'खट्'नंतर पप्पा दोन-तीन मिनिटं तसेच बसायचे. मग दिवा बंद.

त्याआधीच्या काळात तर थांबणं हाच नियम होता. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. पुढचं ऐकायचं तर माणसाने उठायचं, तबकडी उलटायची, सुई ठेवायची. गाणं संपायचं आणि पुढचं काय ते माणूस ठरवायचा.

मी आणलेल्या प्लेअरला हे माहीतच नव्हतं. एक संपलं की दुसरं, साडेचारशेवं संपलं की पुन्हा पहिलं. सेटिंग कुठेच नाही. बटणं पाच, त्यातलं एकही 'पुरे' म्हणणारं नाही. मोबाइलवर लावून दिलं तर तिथे अभंग संपायच्या आत पुढचा व्हिडिओ खालून डोकं वर काढायचा.

"पप्पा, संपत आलं की पॉझ दाबा ना," मी म्हणालो.

"थांबवायचं काम माझं नाही," ते म्हणाले. "मशिनचं आहे."

*

हे वाक्य कुठून आलं ते कळायला पॉवर प्रेस माहीत असायला हवी.

पप्पा अठ्ठावीस वर्षं प्रेस शॉपमध्ये आहेत. आधी भोसरीत, आता चाकणला. गाड्यांचे ब्रॅकेट, क्लॅम्प, छोटे पत्र्याचे भाग. पत्रा डायवर ठेवायचा, हात बाहेर काढायचे, दोन बटणं दोन हातांनी दाबायची. वरून रॅम येतो, जॉब कापतो किंवा वाकवतो आणि वर जाऊन थांबतो. याला सिंगल स्ट्रोक म्हणतात. एक दाबलं की एक. पुढच्या स्ट्रोकसाठी दोन्ही बटणं सोडून पुन्हा दाबायला लागतात. तुम्ही बटणं दाबून धरून ठेवली तरी रॅम दुसऱ्यांदा खाली येता कामा नये. फ्लायव्हील मागे फिरतच असतं, ताकद तयारच असते. पण क्लच सुटला पाहिजे आणि ब्रेक लागला पाहिजे.

तो लागला नाही की प्रेस डबल पडते. माणूस तयार झालेला भाग उचलायला हात आत घालतो आणि रॅम न बोलावता परत येतो. पप्पांच्या शेजारच्या प्रेसवरच्या एका माणसाची दोन बोटं अशीच गेली. मी तेव्हा सातवीत होतो. पप्पा त्या रात्री उशिरा आले आणि जेवले नाहीत, एवढंच आठवतं. ही काही एका कारखान्याची गोष्ट नाही. वाहन उद्योगातल्या कामगारांच्या दुखापतींवर 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते. त्याचं नावच 'क्रश्ड' आहे, आणि त्यात पॉवर प्रेस वारंवार येते.

तर या माणसाच्या दृष्टीने, न सांगता पुढचं काम सुरू करणारं मशिन हे सोयीचं मशिन नाही. ते बिघडलेलं मशिन आहे.

आणि मी? मी हिंजवडीत ज्या ॲपवर काम करतो, त्यात एक व्हिडिओ संपला की 'पुढचा ५ सेकंदांत' असा गोल काउंटडाउन येतो. तो गोल मी लिहिलाय. त्याचं ॲनिमेशन गुळगुळीत व्हावं म्हणून दोन दिवस घालवलेत. आमची कल्पना नवी नव्हतीच. नेटफ्लिक्सने पुढचा एपिसोड आपोआप लावायला २०१२ सालीच सुरुवात केली होती. लोक जास्त वेळ थांबतात, आकडे वर जातात. फ्लायव्हील फिरत राहतं. ब्रेकचं काम कुणाच्याच बोर्डवर नसतं.

*

प्लेअरच्या आतला प्रोग्रॅम बदलता येण्यासारखा नव्हता. संगणकावर ही सोय जुनी आहे. विनॅम्पमध्ये 'चालू गाण्यानंतर थांब' होतं, लिनक्सवरच्या एमपीडीमध्ये 'सिंगल' नावाचा मोड आहे. पण पप्पांना लॅपटॉप नको होता, बटण हवं होतं.

मग मी मला फार हुशार वाटलेला उपाय केला. प्लेअर थांबत नाही ना? मग गाणंच लांब करू. एफएफएमपेगने अभंगाच्या शेवटी एक तासाची शांतता जोडली. प्लेअरच्या लेखी गाणं चालूच, ऐकणाऱ्याच्या लेखी संपलेलं. कार्डात तेवढी एकच फाइल ठेवली.

पप्पांनी लावलं. अभंग संपला. शांतता. मी विजयी मुद्रेने आईकडे बघितलं. पप्पा म्हणाले, "झालं की." मी तो विषय डोक्यातून काढून टाकला.

पाच-सहा आठवड्यांनी आई सहज म्हणाली, "ते आता ऐकत नाहीत रे. डबा कपाटावर पडलाय."

मला वाटलं, बॅटरी गेली. विचारलं तर पप्पा आधी काही बोलेनात. मग म्हणाले, "टाळ गेले."

"कुठे गेले?"

"ऐकू येत नाहीत आता. आधी येत होते."

मग हळूहळू बाहेर आलं. पप्पा तो अभंग फक्त आवडतो म्हणून ऐकत नव्हते. त्या अभंगात मागे टाळ वाजतात, आणि त्यांची किणकिण आवाजामागे विरत जाते. कितीतरी वर्षं पप्पा रोज तेच गाणं लावून एकच गोष्ट तपासत होते: टाळ अजून ऐकू येतात का. प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाची ती घरगुती कानाची तपासणी होती. आणि गाणं संपल्यावरची दोन-तीन मिनिटं? तेव्हा ते कानातली शिट्टी किती मोठी झालीय ते ऐकायचे. म्हणून पुढचं गाणं नको होतं. पुढच्या गाण्याचे चार सूर आले की ती तपासणी वाया.

"कधी बोलला का नाहीत?"

"बोलून काय? सगळ्यांचेच जातात."

*

सगळ्यांचेच जातात हे खरं आहे, आणि ते नोंदलेलंही आहे. कायद्याने कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत आवाजामुळे येणारा बहिरेपणा आहे. आपल्याकडे आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा धरतात. असा बहिरेपणा साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. आतल्या कानातल्या केसांसारख्या बारीक पेशी मरतात आणि परत उगवत नाहीत. बोलणं बराच काळ ऐकू येत राहतं, म्हणून माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. आधी जातात ते बारीक, उंच आवाज.

मी त्यांना ऑडिओमेट्रीला नेलं. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसलेले पप्पा, आवाज आला की बटण दाबत होते. एक आवाज, एक दाब. आलेखात दोन्ही कानांच्या रेषा ४,००० जवळ खड्ड्यात उतरलेल्या होत्या. ऑडिओलॉजिस्ट बाई म्हणाल्या, हे वर्षानुवर्षांचं आहे, महिनाभरात एवढं पडत नाही.

महिनाभरात नाही. मग टाळ महिनाभरात कसे गेले?

परतताना मोशीच्या ट्रॅफिकमध्ये उभा असताना माझ्या पोटात गोळा आला.

शांतता जोडताना मी फाइल नव्याने एन्कोड केली होती. मी त्यासाठी ऑफिसातली जुनी स्क्रिप्ट वापरली होती, भाषणाच्या रेकॉर्डिंगसाठी लिहिलेली. ३२ केबीपीएस, मोनो, सेकंदाला २२,०५० नमुने. भाषणाला ते पुरतं. पण अशा फाइलमध्ये ११,००० हर्ट्झच्या वरचं काही उरूच शकत नाही, आणि खालीही एन्कोडर जागा वाचवायला विरत जाणारे बारीक आवाज आधी टाकून देतो. म्हणजे नेमकी टाळांची किणकिण.

टाळ पप्पांच्या कानांतून गेले नव्हते. मी फाइलमधून काढले होते. आणि पाच-सहा आठवडे तो माणूस, आपलं ऐकणं संपलं असं समजून, गप्प बसला होता.

घरी येऊन मी मूळ फाइल लॅपटॉपवर लावली. पप्पा डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आहेत. कमी आहेत, पण आहेत."

मी माझी चूक सांगितली. ते रागावले नाहीत. "डाय बदलल्यावर पहिला जॉब मोजून बघायचा असतो," एवढंच म्हणाले.

*

मग मी ते नीट बनवलं. डीएफप्लेअर मिनी नावाचं नखाएवढं मोड्यूल मिळतं, मेमरी कार्डावरचं गाणं वाजवणारं. त्याला एक आर्डुइनो नॅनो, एक स्पीकर आणि एक मोठं बटण. कार्डात मूळ फाइल, काही न बदलता. बटण दाबलं की नॅनो सांगतो, एक नंबरचं गाणं वाजव. ते संपलं की मोड्यूल गप्प. पुढचं कुणी सांगत नाही, म्हणून पुढचं वाजत नाही. रंग उडालेल्या एका स्टीलच्या डब्यात सगळं बसवलं.

पप्पांनी डबा हातात घेतला, उलटा करून बघितला. बटण दाबलं. अभंग सुरू झाला. पण त्यांनी बोट काढलं नाही. पूर्ण गाणंभर बटण दाबून धरून बसले. मला वाटलं, विसरले.

अभंग संपला. क्षणभर शांतता. आणि अभंग पुन्हा सुरू झाला.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. "डबल पडली."

खरंच पडली होती. माझा प्रोग्रॅम बटण दाबलेलं आहे का एवढंच बघत होता. दाबलेलं आहे, गाणं वाजत नाहीये, म्हणजे वाजव. बटण मध्ये सोडलं होतं का, हे तो विचारतच नव्हता. मी चार वर्षं इंजिनिअरिंग आणि सहा वर्षं नोकरी केली, आणि माझी चाचणी होती: दाबून बघितलं, वाजलं, झालं. त्यांनी पहिल्याच मिनिटात ते तपासलं ज्याने बोटं जातात.

त्या रात्री चार ओळी बदलल्या. आता बटण सुटल्याची खात्री झाल्याशिवाय पुढची दाब मोजली जात नाही. पप्पांनी पुन्हा गाणंभर दाबून धरलं. थांबलं. थांबलेलंच राहिलं.

ऑफिसात मी एक तिकीट टाकलंय: पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणं मुळात बंद ठेवावं, ज्याला हवं त्याने चालू करावं. 'आकड्यांवर परिणाम होईल' अशी एक कॉमेंट आली आणि ते बॅकलॉगमध्ये गेलं. तिथेच आहे. तो गोल अजूनही माझ्याच कोडने फिरतो.

पप्पा आता कामावर इअरप्लग घालतात. कानात काहीतरी कोंबल्यासारखं वाटतं म्हणून कुरकुर करतात, पण घालतात. सहा महिन्यांनी पुन्हा ऑडिओमेट्री आहे. तोवर रोज रात्री साडेनऊला स्वयंपाकघरापर्यंत अभंग ऐकू येतो, मग काहीच ऐकू येत नाही, आणि आई टीव्ही लावायला दोन-तीन मिनिटं थांबते.