पाण्याकांठचे दोन दिवस

उन्हाळ्याची सुटी म्हणजे महाबळेश्वर, असें समीकरण आमच्याही घरांत होतें. परंतु गेल्या वैशाखांत शनिवार-रविवार गांठून आम्ही घरचीं अकरा माणसें धाराशिवहून नळदुर्गास गेलों. बोरी नदीच्या जलाशयाकांठीं एका स्नेह्यांचें माळवदाचें घर रिकामें होतें. तेथेंच मुक्काम केला.

शनिवारीं सायंकाळीं किल्ला पाहिला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळांत बोरीचा प्रवाह बांध घालून अडविला गेला आणि त्या बांधाच्याच पोटांत पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यांत बांधावरून 'नर' व 'मादी' हे दोन धबधबे कोसळतात. वैशाखांत ते कोरडे, मुलें हिरमुसलीं.

मातोश्री मात्र प्रसन्न होत्या. त्यांना विश्रांति मिळावी म्हणूनच हा सारा खटाटोप! पण रविवारीं पहाटेच उठून त्या घागर शोधूं लागल्या.

"आई, तुम्ही बसा, पाणी आम्ही आणतों," असें म्हणून सूनबाईंनीं घागर काढून घेतली.

मग मातोश्री कांठावर गेल्या आणि ऊन तापेपर्यंत पाण्यांत पाय सोडून बसल्या. १९७२ च्या दुष्काळांत त्या नव्या नवरी होत्या. दोन घागरींसाठीं त्यांनीं विहिरीवर रात्री जागून काढल्या होत्या.

"नुसतें पाहायला एवढें पाणी!" एवढेंच त्या बोलल्या.

डोईवर घागर न घेतां पाण्याजवळ बसणें, हीच आमच्या मुलखांतील विश्रांति, हें आम्हांस इतक्या वर्षांनीं कळलें. येत्या वैशाखांतही आम्ही तेथेंच जाणार आहों.