उरलेल्या वेळेचं ओझं

व्हिएन्नापासून आगगाडीने अर्ध्या तासावर मारिएनथाल नावाचं छोटं गाव आहे. १९३१ च्या हिवाळ्यात तिथल्या मुख्य रस्त्याकडे काही तरुण संशोधक, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, हातात घड्याळ घेऊन बघत होते. येणारी-जाणारी माणसं चालता चालता किती वेळा थांबतात, एवढंच त्यांना टिपायचं होतं. पुरुषांतले जवळजवळ दोन तृतीयांश जण त्या एवढ्याशा रस्त्यावर दोनदा तरी थांबले. न थांबता पलीकडे पोचणारा दहांत एखादाच. गावची कापडगिरणी बंद पडून दोनेक वर्षं होत आली होती. ४७८ कुटुंबांच्या त्या गावात तीन चतुर्थांश घरांत कुणालाच काम उरलं नव्हतं. चालणाऱ्याला कुठेही वेळेवर पोचायचं नव्हतं.

कामाचं आणि संस्थांचं मानसशास्त्र शिकवताना सुरुवात बहुधा दुसरीकडून होते. नेमणुकीच्या चाचण्या, नेतृत्वाचे गुण, १९२४ पासून शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात दिव्यांचा उजेड कमी-जास्त करून पाहिलेले प्रयोग. हे सगळं शिकायलाच हवं. पण मला विचाराल तर या विद्येचं पहिलं पान मारिएनथालचं असावं. काम मनाला काय देतं हे कामावर असलेल्या माणसाला सांगता येत नाही. तो पगाराबद्दल बोलेल, साहेबाबद्दल, पाठदुखीबद्दल, नाकारलेल्या रजेबद्दल. बाकीचं त्याला काम गेल्यावर कळतं, आणि तेव्हा ते विचारायला सहसा कुणी जात नाही.

त्या संशोधकांमधल्या पॉल लाझार्सफेल्ड यांना खरं तर कामगार फुरसतीचा वेळ कसा घालवतात ते अभ्यासायचं होतं. समाजवादी नेते ओटो बाउअर यांनी त्यांना सुनावलं, की देशात एवढी बेकारी माजली असताना फुरसत कसली अभ्यासता, बेकारांकडे जा. मग लाझार्सफेल्ड, मारी याहोदा, हान्स झाइझेल आणि त्यांचे साथीदार मारिएनथालला गेले. याहोदा तेव्हा पंचविशीच्याही आतल्या होत्या. या मंडळींचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. गावात नुसतं बघ्या म्हणून कुणी जायचं नाही. गावाच्या उपयोगाचं काहीतरी घेऊनच जायचं. त्यांनी कपडे गोळा करून वाटले, डॉक्टरांकडून तपासणीची सोय केली, बायकांसाठी कपडे बेतण्याचा वर्ग काढला. ज्यांच्याजवळ फारसं काही उरलेलं नाही त्यांच्या दारात रिकाम्या हाताने माहिती मागायला उभं राहू नये, ही समज आजच्या किती पाहण्यांमध्ये असते?

त्यांना जे दिसलं ते उफराटं होतं. हाताशी वेळ भरपूर, तेव्हा माणसं वाचतील, बागकाम करतील, सभा-मंडळं गजबजतील असं कुणालाही वाटलं असतं. वाचनालयाने वर्गणी माफ केली, तरी १९२९ ते १९३१ या काळात पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. गावाने एके काळी जीव लावून राखलेल्या बागेत रान माजलं. गिरणी चालू होती तेव्हा दिवसभर राबून हीच माणसं संध्याकाळी नाटकं बसवत, राजकारणावर वाद घालत. आता अख्खा दिवस मोकळा मिळाला, तर त्यातलं काहीच होईना.

पुरुषांना दिवसाचा तासवार हिशेब लिहून द्यायला सांगितलं होतं. उठणं, मुलांना शाळेत धाडणं, जेवणं, झोपणं एवढ्या गोष्टी आठवत. त्यांच्या मधले तास एखाद्या पुसट वाक्यात उरकलेले. शंभर पुरुषांतल्या अठ्ठ्याऐंशी जणांजवळ घड्याळ नव्हतं. नाताळात काय हवं ते मुलांकडून लिहून घेतलं, तेव्हा मारिएनथालच्या मुलांच्या मागण्यांची किंमत आसपासच्या मुलांच्या मागण्यांच्या एक तृतीयांशच भरली. आईवडिलांना काम असतं तर काय मागितलं असतं, अशाच भाषेत त्यांतली कितीतरी मुलं लिहीत होती. या तपशिलापाशी मी दर वेळी त्या अभ्यासाचं पुस्तक मिटते आणि थोड्या वेळाने उघडते.

बायका मात्र रस्त्यात फारशा थांबत नव्हत्या. स्वयंपाक, धुणं, ठिगळं लावणं, आटलेल्या पैशांत घर ओढणं. त्यांची मजुरी गेली होती, काम गेलं नव्हतं. तरीही गिरणी उघडली तर परत जाऊ, आणि ते नुसत्या पैशासाठी नाही, असं त्यांच्यातल्या अनेकजणी म्हणत होत्या. घर आणि गिरणी दोन्ही सांभाळताना जीव मेटाकुटीला यायचा, हे माहीत असूनसुद्धा.

हे सारं मी वाचलं ते लालबागमध्ये वाढलेली मुलगी म्हणून. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांमध्ये संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी कुणी जाहीर केलंच नाही. त्यावर संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या बाजूने आणि विरुद्ध, मालकांच्या डावपेचांवर, जमिनीच्या भावांवर पुष्कळ लिहून झालंय. मला गिरणगावाच्या दिवसाबद्दल बोलायचंय. तो तीन पाळ्यांनी बांधलेला होता. गावकीच्या खोल्यांत कोकणातले चाकरमानी पाळीपाळीने झोपत; एक उठून पहिल्या पाळीला निघाला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर पथारी टाके. खानावळीतलं ताट, भजनाची बैठक, गणपतीच्या वर्गणीची सभा, सगळं पाळ्या बघून ठरे. साचेखात्यात मागांचा आवाज इतका, की माणसं हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालींनी बोलत, आणि ते बोलणं घरीसुद्धा सुटत नसे.

माझे मामा साचेखात्यातच होते. संप लांबत गेला आणि पुढे गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. पैशाच्या ओढाताणीबद्दल ते मोकळेपणी बोलत, कारण ते दुःख सगळ्या चाळीचं होतं. दुसरं दुःख सांगायची सोय नव्हती. पहिल्या पाळीच्या वेळेला जाग यायची, आंघोळ उरकायची, आणि सकाळी सातलाच दिवस संपून जायचा. मामी शेजारणींबरोबर पापड लाटायला बसत आणि म्हणत, "अहो, जरा फिरून तरी या." मामा जात नसत. पाळीच्या वेळेत धडधाकट माणसाने रस्त्यावर दिसायचं नाही, हा जन्माचा शिरस्ता होता.

त्याच १९८२ साली इंग्लंडमध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, याहोदांचं रोजगार आणि बेकारीवरचं पुस्तक निघालं. माणूस नोकरी करतो ती पगारासाठी, हे उघडच आहे. पण नोकरी न बोलता आणखी पाच गोष्टी देत असते, असं त्यांनी मांडलं: दिवसाला बांधणी, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध, एकट्याच्याने न होणाऱ्या कामात वाटा, चारचौघांत एक जागा, आणि नेमाने काहीतरी करत राहणं. वाईट नोकरीतूनही यातलं बरंच मिळतं. म्हणून वाईट नोकरी चालवून घ्यावी, असा अर्थ मात्र त्यांनी काढला नाही. नोकरीच माणसाला मानवेल अशी करा, असा त्यांचा आग्रह होता. गिरण्या बंद होताना यंत्रं मोजली गेली, जमिनी मोजल्या गेल्या, थकलेली देणी निदान कागदावर मांडली गेली. या पाच गोष्टी कुणी मांडल्या नाहीत, आणि मला त्याचा आजही राग येतो.

रिकाम्या माणसाला काहीतरी उद्योग लावून द्या, मन रमेल, असा सल्ला हमखास दिला जातो. त्याचाही अनुभव याहोदांच्या गाठीशी होता. १९३६ मध्ये ऑस्ट्रियातल्या हुकूमशाही राजवटीने त्यांना तुरुंगात टाकलं आणि १९३७ मध्ये देश सोडण्याच्या अटीवर मोकळं केलं. त्या इंग्लंडला आल्या आणि पुढे दक्षिण वेल्समधल्या बेकार खाणकामगारांच्या घरांत जाऊन राहिल्या. तिथे क्वेकर मंडळींच्या पुढाकाराने एक योजना चालली होती: बेकारभत्ता चालू ठेवायचा आणि पाव, बूट, कपडे अशा वस्तू सभासदांनी आपल्यापुरत्या बनवायच्या. मजुरी नाही, बाजारात विक्री नाही. याहोदांनी त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम केलं. वयस्क कामगारांना ती योजना मानवली. तरुणांना पटली नाही. ती त्यांना खरी नोकरी वाटेना. हे सारं त्यांनी अहवालात लिहिलं, तेव्हा योजनेच्या प्रमुखाला तो फार लागला. याहोदांच्या कुटुंबीयांना व्हिएन्नातून बाहेर काढायला याच माणसाने मदत केली होती. म्हणून याहोदांनी अहवाल छापला नाही. तो उजेडात यायला अर्धं शतक जावं लागलं.

त्या तरुणांची बाजू मला कळते. मजुरी तर त्यांना हवीच असणार. शिवाय आपण भाजलेला पाव कुणा अनोळखी माणसाने, लांबच्या गावात, पैसे मोजून घ्यावा असंही त्यांना वाटत असणार. मामांना चाळकऱ्यांनी मंडळाच्या हिशेबवह्या लिहायला दिल्या होत्या आणि त्या त्यांनी अगदी चोख ठेवल्या. पण कुणी पाहुणा आला की ते वह्यांबद्दल बोलत नसत. आमच्या खात्यातला मांजरपाट कुठे कुठे जायचा, ते सांगत.