मंडळाचा पाऊस, गावाचा पाऊस

आमचं गाव पारनेरच्या पठारावर, पर्जन्यछायेत. पाण्याचा ताळेबंद मांडायचं काम ग्रामसभेने माझ्याकडे दिलं, कारण शाळेत गणित मी शिकवते.

पावसाचा आकडा मिळत होता तो महसूल मंडळाचा. ते पर्जन्यमापक डोंगराच्या पलीकडे. त्या वर्षी कागदावर पाऊस बरा होता. लोकांनी कांदा लावला. फेब्रुवारीत विहिरींनी तळ गाठला, आणि कांदा पोसायच्या वेळीच पाणी तुटलं.

आमचा पाणलोट साधारण ६०० हेक्टरचा. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. मंडळाच्या आणि गावाच्या पावसात १०० मिलिमीटरचा फरक पडला, की जमेला ६० कोटी लिटर पाणी जास्तीचं धरलं जातं.

पुढच्या जूनच्या आधी गावाने दोन पर्जन्यमापकं घेतली. एक शाळेच्या मैदानात, एक वर पठारावर. आजूबाजूचं झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ते बसवायचं. नोंद रोज सकाळी साडेआठला. पाऊस नसला तरी शून्य लिहायचं, नाहीतर नोंद राहिली की पाऊस नव्हता हे नंतर कळत नाही. वरचं आणि खालचं माप कित्येकदा जुळायचं नाही. पठारावर झोडपून जायचा आणि शाळेत नुसता शिडकावा.

दुसरी अडचण वाहून जाणाऱ्या पाण्याची, म्हणजे अपधावेची. त्यासाठी इंजिनिअर लोक अजून स्ट्रेंजचा तक्ता काढतात. १८९२ साली आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या नोंदींवरून तो बसवला होता. जमीन कोरडी, ओलसर की भिजलेली, यावर त्यात पाण्याचं प्रमाण बदलतं. ते आमच्याकडे डोळ्यांनी दिसलं. जूनचा पाऊस भेगांनी पिऊन टाकला, ओढ्याला थेंब नाही. सप्टेंबरात तेवढ्याच पावसाने ओढा दुथडी वाहिला. म्हणून पावसाच्या वहीत जमिनीचा एक रकाना वाढवला. बंधाऱ्याच्या भिंतीवर रंगाने सेंटीमीटरच्या खुणा केल्या. तक्त्यावरून काढलेलं पाणी खरंच आलं का, ते त्या खुणांवरून पडताळता येतं.

बाष्पीभवनाला कोणी हिशेबात धरत नव्हतं. तालुक्याच्या पत्र्याच्या दुकानातून चार फूट रुंद, दहा इंच खोल गोल घमेलं करून घेतलं आणि लाकडी चौकटीवर ठेवलं. पहिल्याच आठवड्यात शेळ्या त्यातलं पाणी पिऊन गेल्या. मग वर जाळी बसवली. जाळीने बाष्पीभवन थोडं कमी होतं, तेवढं ध्यानात ठेवायचं. पत्रा लवकर तापतो, म्हणून घमेल्यातली घट ०.७ ने गुणली की तलावातली घट अंदाजे येते.

मार्चअखेर घमेल्यात दिवसाला १० मिलिमीटर घट दिसली, म्हणजे तलावात ७. तेव्हा पाझर तलावात हेक्टरभर पाणी उरलं होतं. रोज ७०,००० लिटर नुसतं उन्हाने जात होतं.

पुढच्या ऑक्टोबरातल्या ग्रामसभेत हे सगळं सांगायचं होतं. भरल्या तलावाकडे बघत कांदा कमी करा म्हणायला जीभ रेटत नव्हती. आबा म्हणालेच, "बाई, एवढं पाणी दिसतंय की!" मी म्हटलं, "आबा, उन्हाळ्यात रोज दहा हजार लिटरचे सात टँकर ऊनच पिऊन जातं. ते आधी वजा करा." निम्म्यांनी ज्वारी-हरभरा धरला, बाकीच्यांनी कांदाच लावला. मला वाईट वाटलं, पण जबरदस्ती करता येत नाही. तरी त्या वर्षी पिण्याच्या विहिरीचं पाणी मेपर्यंत पुरलं.

तुमच्या गावाला ताळेबंद करायचा असेल, तर मे महिन्यातच पर्जन्यमापक बसवा. रोजची नोंद एकाच माणसाकडे द्या आणि तो गावाला गेला तर कोण बघणार, तेही आधीच ठरवा. बंधाऱ्यावरच्या खुणा आणि घमेलं पुढच्या वर्षी केलं तरी चालतं. गेलेला पाऊस मात्र मागाहून मोजता येत नाही.