केरीच्या धक्क्यावर

गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही पाच वर्गमित्र, आमच्यातील एकाच्या मामांच्या टेम्पोतून, डिचोली व पेडणे हे उत्तरेकडील तालुके पाहावयास निघालो. ताडपत्री, स्टोव्ह, उकड्या तांदळांची पिशवी नि पाण्याची घागर, एवढाच आमचा संसार! हरवळ्याची लेणी घाईनेच पाहिली. परंतु नार्वे येथे घोटाळा झाला. शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार करविलेल्या सप्तकोटेश्वराच्या देवळात एक जण शिलालेखाचे एकेक अक्षर लावीत बसला. केल्या उठेचना.

पुढे कोलवाळचा पूल, पेडणे, हरमल असे करीत केरीच्या धक्क्यावर आलो, तो शेवटची फेरीबोट निघून गेलेली. मध्ये काळोखी नदी आणि पलीकडे तेरेखोलचा किल्ला. आम्ही त्या अक्षरवेड्यास वाटेल तसे बोललो.

ताडपत्रीखाली पेज जेवताना मामांनी किल्ल्याकडे बोट दाखविले. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेथे शिरून तिरंगा फडकविला होता! आम्ही ऐकत होतो. तो मात्र खाली पाहत होता.

"बाबांची बदली झाली आहे," तो हळूच म्हणाला. "जूनपासून मी पुण्यास. पुन्हा कधी येणे होईल, म्हणून वाचीत बसलो."

कोणी तरी विझलेल्या स्टोव्हला उगाच पंप मारू लागले.

पहाटे पहिली फेरीबोट धक्क्यास लागली, तेव्हा तो गाढ झोपला होता. ती आम्ही जाऊ दिली.