दूध तोडताना

मुलाचे अंगावरचे दूध बंद करण्याला आपल्याकडे ‘दूध तोडणे’ म्हणतात. शब्द कठोर आहे आणि माझ्या लहानपणी पाहिलेली रीतही तशीच होती. धाकट्या भावाचे दूध तोडले तेव्हा मी आठ वर्षांची होते. आईने स्तनांना कडुनिंबाचा पाला वाटून लावला आणि तेवढ्याने भागेना म्हणून भावाला मामाच्या गावी धाडले. तिकडे तो किती रडला ते मला ठाऊक नाही. मी पाहिले ते आईला. ऊर दाटून दगडासारखा झालेला, अंगात ताप, आणि पान्हा फुटून चोळी भिजली की ती भिंतीकडे तोंड करून बसे. ‘दोन दिवसांत विसरेल’ असे सगळे म्हणत, ते बाळाविषयी.

गेल्या वर्षी आमच्या मिरजेच्या घरात हीच वेळ सूनबाईंवर आली. त्या परिचारिका. अडीच महिन्यांनी त्यांची रात्रपाळी सुरू व्हायची होती आणि नातवाला नुकतेच दुसरे वर्ष पूर्ण झाले होते. ‘एवढा मोठा झाला, अजून पितो?’ असे विचारणाऱ्या शेजारणी होत्याच. वास्तविक पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि पुढे वरच्या आहारासह दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ स्तनपान, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तेव्हा पाजत राहण्यात लाजण्यासारखे काही नव्हते, आणि आता थांबण्यात अपराधही नव्हता. नणंदबाईंनी काळ्या बोळाची पुडी आणून दिली. ती मी फडताळात ठेवून दिली. ज्या कुशीत बाळ दोन वर्षे विसावले, तीच एका सकाळी कडू लागावी हे मला पटत नाही.

वाग्भटाने अष्टांगहृदयात, दात आलेल्या बाळाला स्तनापासून क्रमाने दूर करावे असे सांगितले आहे. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितले तेही निराळे नव्हते: दिवसातली एक वेळ बंद करायची, चार-सहा दिवस जाऊ द्यायचे, मग दुसरी. मुलाने मागितले तर झिडकारायचे नाही. आपण होऊन द्यायचे नाही. मूल आजारी असताना, घर बदलताना किंवा नवे भावंड आले असताना हा खटाटोप आरंभूच नये.

आता यात आजी-आजोबांचे काम काय? बंद झालेल्या वेळेची पोकळी भरणे, आणि ते आईपेक्षा आपल्यालाच चांगले जमते. सकाळी उठल्याबरोबरचे दूध आधी बंद केले. ती वेळ आजोबांनी घेतली. दूध-पोळीचा काला खाऊ घालून ते त्याला सतारमेकर गल्लीत नेऊ लागले. तिथे वाळत ठेवलेले ते प्रचंड भोपळे पाहून नातू हरखून जाई. एका कारागिराने त्याला भोपळ्यावर टिचकी मारून आवाज ऐकवला, तेव्हापासून तो उठताच ‘भोपू’ म्हणून आजोबांचा सदरा ओढू लागला. दुपारची वेळ माझी. ती फारशी अवघड गेली नाही. मऊ वरणभात आणि चिऊकाऊ यांवर भागले. पेल्याने दूध पाजले, बाटलीची नवी सवय लावली नाही. वरचे दूधही दिवसाला अर्ध्या लिटरच्या आतच ठेवले, कारण दुधाने पोट भरले की मूल जेवत नाही आणि शरीरातले लोह कमी पडू लागते.

रात्रीची वेळ शेवटी ठेवली होती. पहिल्या चार रात्री तो खूप रडला. पण मुलाच्या, म्हणजे त्याच्या बाबांच्या, खांद्यावर रडला, एकटा नव्हे. कडेवर घेतलेल्या मुलाचे रडणे आणि परगावी धाडलेल्या मुलाचे रडणे यांत मला फार अंतर वाटते.

सूनबाईंची काळजी मी मुद्दाम वेगळी घेतली. ऊर जड झाला की हाताने थोडेसेच दूध काढावे, ताण उतरेल एवढेच. सगळे काढले तर शरीर पुन्हा तेवढेच तयार करते. थंड पाण्याची घडी ठेवावी. घट्ट बांधू नये. त्याने गाठी होतात. एखादा भाग लाल होऊन दुखू लागला आणि ताप आला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

हे सगळे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक होते. तरीही एका संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, ‘‘आई, काही कारण नसताना रडू येतंय.’’ दूध आटताना शरीरातील संप्रेरके बदलतात आणि मन काही दिवस उदास होते. ही उदासी लांबली तर तीही डॉक्टरांना सांगण्यासारखीच गोष्ट आहे. मी त्यांना चहा दिला आणि माझ्या आईची गोष्ट सांगितली, भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या. त्या बराच वेळ ऐकत होत्या.

रात्रपाळीला दहा दिवस उरले असताना नातवाने मागणे सोडले. नेमके शेवटचे कधी घेतले, हे आम्हा कोणालाच आठवेना. आता झोप आली की तो आईच्या कानाची पाळी चिमटीत धरतो, आणि आई कामावर असेल त्या रात्री बाबांची.